गंजकाकांचा पितळी कठडा

आमच्या इमारतीत नवा भाडेकरू आला की पहिल्याच आठवड्यात त्याच्या दारावर टकटक व्हायची. दार उघडावं, तर बाहेर एक उंच, सुकलेला, खाकी पँटीतला माणूस हातात एवढीशी हातोडी घेऊन उभा. "नमस्कार. दुसऱ्या मजल्यावर राहतो. तुमच्या खिडकीचे गज वाजवून बघायचेत." नवा भाडेकरू आधी घाबरायचा, मग हा माणूस वेडा आहे असं ठरवायचा, आणि महिनाभरात बाकी सगळ्यांसारखा त्यांना गंजकाका म्हणायला लागायचा.

आत बोलावलं तरी काकांचं लक्ष माणसांकडे नसे. बिजागऱ्या, कड्या, मोरीतली बादली, शेगडीखालचा पत्रा, सगळ्यांची प्रकृती विचारून होई; घरातल्यांची राहून जाई. माझे वडील एकदा पंधरा दिवस तापाने आडवे होते. काका भेटायला आले, पलंगाशी वाकले, पलंगाचे चारही लोखंडी पाय एकेक करून वाजवले, "काळजी नको, अजून वीस वर्षं जातील," म्हणाले आणि निघून गेले. आईला बरं वाटलं. तिला वाटलं, वडिलांबद्दलच बोलले.

काका गोदीत पस्तीस वर्षं जहाजांची पोटं खरवडत होते. जहाज पाण्याबाहेर काढलं की त्याच्या पोटाखाली उताणं पडून वायर ब्रशने गंज काढायचा, मग लाल प्रायमर, मग रंगाचे दोन हात. पण त्यांना कुणी रंगारी म्हटलेलं खपायचं नाही. "रंगारी झाकतो. मी आधी उघडं करतो. गंजावर रंग मारणं म्हणजे खरजेवर पावडर लावून लग्नाला जाणं." चार दिवसांच्या कामातले तीन दिवस ते नुसते खरवडत असत. चौथ्या दिवशी रंग लावताना त्यांचा चेहरा काहीसा पडलेला असे, मुलीची पाठवणी केल्यासारखा.

लोखंडाबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. "लोखंड मातीतून ओढून आणलेलं आहे. त्याचं माहेर मातीत. जरा पाणी दिसलं, जरा हवा लागली की निघालं माहेरी. त्यालाच गंज म्हणायचं. आपण काय करतो? त्याची गाडी चुकवतो, एवढंच. आज ना उद्या ते जाणारच." अ‍ॅल्युमिनियमला ते मान द्यायचे: "तेही गंजतं बरं का, पण स्वतःच्याच गंजाची पातळ चादर पांघरून गप्प बसतं. बोभाटा नाही करत." आणि जस्ताचं नाव काढलं की त्यांचा आवाज थोडा हलका व्हायचा. जहाजाला पाण्यातून ढकलणारा पंखा पितळेच्या जातीचा आणि पोट लोखंडाचं. दोन वेगळे धातू शेजारी आले आणि मधे खारट पाणी आलं की एक दुसऱ्याला खातो. पितळ खातं, लोखंड खाल्लं जातं. म्हणून पंख्याजवळ जस्ताच्या वड्या ठोकायच्या. जस्त पुढे होऊन म्हणतं, त्याला सोडा, मला खा. दर वेळी जहाज वर आलं की त्या वड्या अर्ध्या झालेल्या असत. काका नव्या ठोकायचे.

"दोघं शेजारी आले की एक खातो आणि एक खाल्ला जातो. संसारासारखंच," असं सांगून ते स्वयंपाकघरातल्या काकूंकडे बघायचे.

"आमच्यात कोण खातंय ते ह्यांच्या ताटाला विचारा," काकू आतून ओरडायच्या.

काकू बुटक्या, गोल आणि जिभेने तिखट. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे रागवायला घरात एकच माणूस, आणि तो माणूस पुरून उरेल एवढा होता. साठी ओलांडल्यावर काकूंची नजर गेली. पूर्ण गेली नाही; मधलं गेलं, कडेचं राहिलं. समोर उभ्या माणसाचा चेहरा दिसायचा नाही, पण चकाकणारी वस्तू तेवढी ओळखू यायची. ऊन पडलेला तांब्या, काचेची बाटली. "मी आता कावळ्यासारखी झालेय," त्या हसून म्हणायच्या. "चमकलं की दिसतं."

आमच्या इमारतीला मागच्या बाजूने एक लोखंडी जिना आहे. खालून थेट गच्चीपर्यंत. समुद्र तिथून दहा मिनिटांवर, त्यामुळे वारा खारट. काका तो जिना दर वर्षी कुणी न सांगता स्वतः खरवडायचे आणि रंगवायचे. काकू रोज सकाळी त्याच जिन्याने कपडे वाळत घालायला गच्चीवर जायच्या. काकूंची नजर गेल्यावर काकांनी कपडे वाळत घालायचं काम स्वतःकडे घ्यायचं म्हटलं, तर काकूंनी ऐकलं नाही. "तेवढंच आभाळ मिळतं मला. तेही बंद करा."

मग काका निवृत्त झाले तेव्हा गोदीने त्यांना एका मोडीत काढलेल्या जहाजाचा पितळी कठडा दिला. दंडाएवढी जाड नळी, चौदा हात लांब, कप्तानाच्या जिन्याची. त्यांनी तो आमच्या जिन्यावर, दुसऱ्या मजल्यापासून गच्चीपर्यंत, लोखंडी खांबांवर बसवला. प्रत्येक खांबाच्या डोक्याला पितळेचं एक कडं, त्यातून नळी गेलेली. रोज सकाळी चिंधीने घासायचे. ऊन पडलं की तो कठडा असा झळकायचा की समोरच्या इमारतीतले लोक पडदे ओढायचे. आणि नजर गेल्यापासून पहिल्यांदाच काकू हाताने न चाचपडता, सरळ चालत जाऊन काहीतरी धरायला लागल्या. तेव्हा काका खाली तोंड करून उगाच पायरीवरचा नसलेला गंज खरवडत बसायचे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. काकांनी कठडा बसवला तेव्हा कडं आणि खांब यांच्यामधे रबराची पट्टी घातली होती. पितळ आणि लोखंड एकमेकांना शिवता कामा नये, म्हणून. ज्याने पस्तीस वर्षं जस्ताच्या वड्या ठोकल्या त्याला हे शिकवायला नको. पण रबर मऊ. काकूंनी धरलं की कठडा बोटभर हलायचा.

"अहो, हे डुलतंय."

"डुलू दे. पडणार नाही."

"तुम्हाला दिसतं म्हणून पडणार नाही. मला नुसतं डुलतं. मी नाही धरणार."

तीन दिवस त्या भिंतीला धरून गेल्या. चौथ्या दिवशी काकांनी रबर काढलं आणि कडी खांबांवर आवळून टाकली. कठडा पहाडासारखा पक्का झाला. त्यांनी खांबांना रंगाचे दोनऐवजी चार हात दिले. पितळेला दिला नाही. पितळ झाकलं तर काकूंना दिसणार कसं? दर वर्षी वाजवून बघू, असं मनाशी म्हणाले. बघतही होते. पण वाजवायचे खांबाचा पाया, जिथे पाणी साचतं तिथे. कडं मात्र कधी उघडलं नाही. उघडलं असतं तर पुन्हा सैल झालं असतं, आणि काकूंनी पुन्हा भिंत धरली असती.

पाण्याचा आणि काकांचा जुना दावा होता, आणि त्या दाव्यात समोरचा पक्ष म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या शिलाईच्या ताई. एकट्या राहायच्या, दिवसभर मशीन चालवायच्या. वरच्या नळाला पाणी चढायचं नाही म्हणून खालून बादल्या न्यायच्या, आणि बादली म्हटली की जिन्यावर सांडणारच.

"ताई, लोखंडाला पाणी दाखवू नये."

"मग काका, तुम्ही माझी बादली उचला. मी तुमचं लोखंड उचलते."

भांडण असं चालायचं, आणि संध्याकाळी काका त्यांच्या मशीनला तेल घालून द्यायचे. ताई रोज दुपारी काकूंकडे येऊन दहा-बारा सुयांमधे दोरा ओवून ठेवायच्या, कारण काकूंना टाके घालता यायचे, पण नेढं दिसायचं नाही.

त्या सकाळी आठ वाजता मी दाढी करत होतो. आधी काहीतरी मोडल्याचा आवाज आला, तुटल्याचा नाही, बिस्कीट मोडावं तसा. मग मोठा घणघणाट, आणि मग काहीच नाही. मी धावलो. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधला वळणावरचा खांब वरून मोडला होता. पितळी कठडा बाहेरच्या बाजूला दार उघडावं तसा फिरला होता. काकू अर्धा मजला खाली, दुसऱ्या मजल्याच्या चौथऱ्यावर पडल्या होत्या. ओल्या कपड्यांच्या पिळ्यांमधे. त्या म्हणाल्या, "मी नीट धरलं होतं हो." दोनदा म्हणाल्या.

खुबा मोडला होता. हृदय अशक्त, त्यामुळे डॉक्टर शस्त्रक्रियेला तयार नव्हते. आता पलंग, एवढंच सांगितलं.

संध्याकाळी काका दवाखान्यातून परत आले ते मागच्या जिन्याने. वळणावर थांबले. पायऱ्या ओल्या होत्या, वर ताईंची बादली ठेवलेली होती. ताई नुकत्याच काकूंची चौकशी करायला खाली येत होत्या. काकांना एवढ्या मोठ्याने ओरडताना मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"तुझ्या पाण्याने खाल्लं! दहा वर्षं सांगतोय तुला! तुझ्या पाण्याने खाल्लं माझं घर!"

ताई तिथेच बसल्या. सगळे मजले दारात आले होते. आणि गंजाच्या बाबतीत काका बोलले म्हणजे आमच्या इमारतीत पुढे बोलायला काही उरत नसे. सेक्रेटरींना तर बरंच वाटलं. त्यांच्या भाच्याला खोली हवीच होती. दुसऱ्या दिवशी मालकाच्या नावाने अर्ज फिरला: सदर बाईंच्या निष्काळजीपणामुळे जिना गंजला, एक वृद्धा जायबंदी झाली, तरी महिनाअखेर खोली रिकामी करून घ्यावी. सगळ्यांनी सह्या केल्या. माझीही आहे. सातव्या ओळीत.

बारा दिवसांनी काका मोडका खांब काढायला बसले. मला म्हणाले, "धर रे." मी धरला. त्यांनी पाया सोडवला आणि सवयीने हातोडी मारली. ठण्ण. स्वच्छ आवाज. त्यांनी पुन्हा मारली. ज्या पायाशी ताईंचं पाणी वर्षानुवर्षं वाहत होतं, तिथला रंग शाबूत होता, आतलं लोखंड शाबूत होतं. चार हात दिलेले होते, जाणार कुठे?

मग त्यांनी वरचं टोक घेतलं आणि कड्याचा बोल्ट फिरवला. कडं निघालं. आत जे होतं त्याला लोखंड म्हणणं अवघड होतं. पापुद्रे, एकावर एक, ओल्या पुठ्ठ्यासारखे. बोटाने दाबलं तर भुगा पडला. कडं आवळताना कडेचा रंग नखभर निघाला असणार. खारट वारा तेवढ्याच फटीतून आत गेला होता, आणि बाकी सगळीकडे चार हात रंग असल्यामुळे पितळेने आपली सगळी भूक त्या नखभर जागेवर भागवली होती. काकांनी कड्याची आतली बाजू माझ्यासमोर धरली. ती लखलखीत होती.

"खाणाऱ्याचं तोंड बघ," ते म्हणाले. "किती स्वच्छ."

ते पायरीवर बसले. मग म्हणाले, "कुणाला बोलू नकोस. मी सांगतो." खांब त्यांनी जुन्या चादरीत गुंडाळला आणि घरी नेला.

महिना संपायला नऊ दिवस होते. काका पहिल्या दिवशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत. मी रोज ऑफिसातून आल्यावर काकूंना बघायला जायचो, आणि मला पलंगाखाली ती चादर दिसायची. वर काकू, खाली खांब. काकू छताकडे बघत विचारायच्या, "ताई आली नाही का रे? माझ्या सुया संपल्या."

मी काकांकडे बघायचो. काका पलंगाच्या पायाकडे बघायचे.

"तिला सांगा ना, मी काही म्हणत नाही म्हणावं. पाणी काय, सगळेच सांडतात. माझाच पाय घसरला असेल."

तुम्ही विचाराल, मी का नाही बोललो? मी स्वतःलाही विचारलं. काका सांगतो म्हणाले होते, हे उत्तर मला तेव्हा पुरेसं वाटलं. सोयीचं उत्तर लवकर पुरतं.

सहाव्या दिवशी वरून मशीन सोडवण्याचा आवाज आला. पाना, स्क्रू, लोखंडी पायडलची घरघर. काका ताडकन उठले, चादरीसकट खांब उचलला आणि मागच्या जिन्याने वर गेले. जाताना हातोडीने पायऱ्या बडवत गेले. माणसं जमली. सेक्रेटरीही आले, अर्ध्या जेवणावरून, उष्टा हात तसाच धरून.

"हे बघा," काका म्हणाले आणि खांब जिन्यावर आडवा टाकला. "पाया वाजवा. कुणीही वाजवा. ताईंच्या पाण्याने याला केसभर धक्का लागलेला नाही. हे मी केलंय. पितळ लोखंडाला टेकवलं मी. रबर काढलं मी. जहाजाला पस्तीस वर्षं जस्ताच्या वड्या बांधल्या, आणि बायको ज्याला धरते त्याला एक बांधली नाही." मग ताईंकडे वळून, "आणि मला हे सहा दिवसांपासून माहीत आहे."

कुणी खांब वाजवला नाही. सेक्रेटरी हळू आवाजात म्हणाले, "काका, काकूंच्या दुखण्याने तुमचं मन थाऱ्यावर नाही. घरी जा. विश्रांती घ्या."

"मन गेलं खड्ड्यात. खांब बघा!"

"अहो, पितळ कुठे लोखंड खातं का? पितळेचा देव्हारा लोखंडी कपाटात आहे माझ्या, तीस वर्षं. आणि आता मालकाकडे अर्ज गेलाय. त्यांनी खोली दुसऱ्याला कबूलही केली. सह्या तुमच्या शब्दावरच झाल्या ना? मग आता शब्द फिरवून कसं चालेल?"

दहा वर्षं ज्या माणसाचा शब्द आम्ही वेदवाक्य मानला, तो खरं बोलला तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. काका मालकाकडेही गेले. मालक त्यांना भेटले नाहीत.

ताई दारात उभ्या होत्या, हातात मशीनचा पट्टा. त्यांनी एकच विचारलं. "सहा दिवस?"

"हो."

"सहा दिवसांपूर्वी मालकाने खोली कुणाला दिली नव्हती, काका. परवा दिली."

महिनाअखेर एक टेम्पो आला. ताईंनी मशीन उचलायला आमच्यातल्या कुणालाही हात लावू दिला नाही.

टेम्पो गेला त्याच संध्याकाळी काकांनी काकूंना सांगितलं. मी दाराशी होतो. खांब त्यांनी काकूंच्या हातात दिला, कारण दाखवून उपयोग नव्हता. काकूंनी वरच्या टोकावरून बोट फिरवलं. भुगा पांघरुणावर पडला.

"हे रबर मीच काढायला लावलं ना?"

"तू हलतं म्हणालीस. काढलं मी."

"एवढी वर्षं तुम्ही ते खाणाऱ्याचं आणि खाल्लेल्याचं सांगायचात," काकू म्हणाल्या. "मला वाटायचं, माझी चेष्टा चाललीय." मग त्यांनी बोटं पदराला पुसली आणि विचारलं, "ताईला पत्ता विचारून घेतलात का?" काकांनी घेतला नव्हता. "जा मग. आत्ता जा. टेम्पोवाल्याला विचारा."

काकू त्यानंतर अकरा आठवडे होत्या. पाठीला जखमा झाल्या, त्या भरल्या नाहीत. काका त्यांना कुशीवर वळवताना, एके काळी जहाजाची पोटं तपासायचे तसे, कुठलीही जागा न चुकवता बघायचे. शेवटच्या आठवड्यात कुणीतरी एक चपटी डबी आणून दिली. आत चोवीस सुया, सगळ्यांमधे पांढरा दोरा ओवलेला. चिठ्ठी नव्हती. काकूंनी डबी उशाशी ठेवून घेतली. टाके घालण्याइतकी ताकद तेव्हा हातात राहिली नव्हती.

त्या गेल्यावर काकांनी कठडा पुन्हा बसवला. सगळ्या कड्यांखाली नवं रबर घातलं, त्यामुळे तो आता बोटभर डुलतो. आणि चौदा हात पितळेला, टोकापासून टोकापर्यंत, करडा रंग दिला. दोन हात. समोरच्या इमारतीतले लोक आता पडदे उघडे ठेवतात.

दर रविवारी काका हातोडी, ब्रश आणि प्रायमरचा डबा घेऊन बाहेर पडायला लागले. कुठे जाता विचारलं तर सांगायचे नाहीत. एका रविवारी डबा जड होता म्हणून मी बरोबर गेलो.

ताईंची नवी खोली समुद्राला अगदी लागून, तळमजल्यावर. भिंतींना ओल, दाराच्या कडी-बिजागऱ्यांना काकांचा ताजा लाल रंग, खिडकीचे गज मात्र अजून गंजून फुगलेले. ताई दाराकडे पाठ करून मशीनवर बसल्या होत्या. काका आत गेले नाहीत. बाहेरूनच कामाला लागले. दोन तास ते खरवडत होते आणि आतून मशीन चालत होतं.  सगळे गज वाजवून झाले तेव्हा काकांनी छिन्नी घेतली आणि गज जिथे भिंतीत शिरतो तिथला गिलावा फोडायला लागले.

"काका, तिथलं कुणाला दिसतंय?" मी हळूच म्हणालो.

 सातही गजांची बुडं त्यांनी उकरून पाहिली, घासली, लाल केली. मग ब्रश पुसून खिडकीतून आत म्हणाले, "दुसरा हात पुढच्या रविवारी देतो, ताई."

मशीन थांबलं नाही. ताईंनी मानही वळवली नाही.

"पाणी बाहेर आहे. हात धुवून घ्या," त्या म्हणाल्या. "आणि बादली भिंतीपासून लांब ठेवा. नंतर माझ्या नावावर यायला नको."

काकांनी हात धुतले. मग बादली उचलली आणि रस्त्याच्या पलीकडे नेऊन ठेवली.